आठवड्याला सहा प्रश्न आणि पालकांना दोन ओळी : एडटेकवरचं संशोधन वर्गात कसं वापरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातवीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवणारे एक शिक्षक विचारतात : शाळेने सरावाचं ॲप घेतलंय, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी व्हिडिओही पाठवतो, एडटेकवरचं, म्हणजे शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचं, संशोधनही वाचतो. पण ॲपवरची मिनिटं वाढली तरी चाचणीतले गुण हलत नाहीत, आणि ग्रुपवरच्या सूचनांना ‘ओके सर’पलीकडे उत्तर येत नाही. संशोधनाप्रमाणे कोणतं ॲप घ्यावं आणि पालकांना काय पाठवावं?

सर, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला त्यामागे अडचण एकच दिसते. कोणत्या मुलाचं नेमकं कुठे अडलंय, हे दर आठवड्याला तुमच्या हातात येत नाही. ते आलं नाही की उद्याचा तास कुठे बदलायचा ते कळत नाही, आणि पालकांना सांगायलाही ‘लक्ष द्या’ याखेरीज काही उरत नाही. ॲप ‘अमुक मुलाने ४२ मिनिटं सराव केला’ एवढंच सांगत असेल, तर ती माहिती दोन्ही कामांना निरुपयोगी आहे. म्हणून ॲपचा विषय थोडा बाजूला ठेवू. दर आठवड्याला एक छोटी चाचणी, तिच्यातल्या चुकांवरून पुढचा तास आणि त्याच चुकांपैकी एक पालकांपर्यंत, असा क्रम मी सुचवेन. संशोधनाचा आधार या क्रमाला आहे, कुठल्या एका ॲपला नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील : मुलांच्या हातात वर्गात उपकरण असतं का, पालक मेसेज वाचतात की ऐकणं पसंत करतात, वैयक्तिक मेसेजला शाळेची परवानगी आहे का. मी तुकडीत साधारण ४० मुलं आणि तुमच्याकडे एक फोन, एवढंच गृहीत धरते. त्याहून जास्त उपकरणं असतील तर काम सोपं होईल इतकंच.

आधी संशोधन वाचण्याबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. शैक्षणिक तंत्रज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की माध्यमामुळे शिकणं घडत नाही, त्या माध्यमातून वापरलेल्या शिकवण्याच्या पद्धतीमुळे घडतं. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याचा प्रतिवाद केला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण शिक्षकाच्या दृष्टीने क्लार्क यांचा प्रश्न कामाचा आहे : या अभ्यासात परिणाम कशाचा झाला, यंत्राचा की पद्धतीचा?

दिल्लीतला माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा अभ्यास घ्या. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) वाढ दिसली. ०.३७ म्हणजे शंभरांत बरोबर मधोमध असलेला विद्यार्थी साधारण चौसष्टाव्या जागी पोचावा, इतका फरक. शिक्षणात हा मोठाच. पण बारकाईने वाचलं तर दिसतं, की ही मुलं शाळेबाहेरच्या केंद्रांवर जात होती, निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ लहान गटात शिकवणाऱ्या व्यक्तीबरोबर घालवत होती. बरीच मुलं आपल्या इयत्तेच्या पातळीपेक्षा बरीच मागे होती आणि सॉफ्टवेअर त्यांना त्यांच्या खऱ्या पातळीवरचं गणित देत होतं. मी यातून ‘हे सॉफ्टवेअर घ्या’ असं काढत नाही. ‘मूल जिथे आहे तिथून सुरू करा’ असं काढते. ते कागदावरही करता येतं.

असा कुठलाही अभ्यास समोर आला की मी चार गोष्टी बघते. तुलना कशाशी केली होती : नेहमीच्या वर्गाशी, की काहीच न मिळालेल्या मुलांशी? दुसऱ्या प्रकारात नुसता जादा वेळ मिळाल्याचाही फायदा दिसतो. चाचणी कोणी तयार केली होती? चेऊंग आणि स्लाव्हिन यांनी २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून दाखवलं, की संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर मिळणारा परिणाम स्वतंत्र चाचण्यांच्या जवळपास दुप्पट दिसतो, आणि छोट्या अभ्यासांचंही तेच. तिसरं, मुलांनी ते साधन खरोखर वापरलं की फक्त लॉगिन दिलं होतं? आणि चौथं, आकडा केवढा? मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये एक व्यवहारी मोजपट्टी दिली : शैक्षणिक संपादनावर ०.०५ प्रमाण विचलनापेक्षा कमी परिणाम लहान, ०.०५ ते ०.२० मध्यम, त्याच्या वर मोठा. जाहिरातीत १.० चा आकडा दिसला तर आधी चाचणी कोणाची होती ते विचारा.

आता चाचणीकडे येऊ. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात सर्वाधिक उपयोगी दोनच ठरल्या : स्वतःची चाचणी घेणं आणि सराव दिवसांमध्ये विभागणं. ओळी रंगवणं आणि पुन्हापुन्हा वाचणं खालच्या गटात गेलं. तुमच्या उपयोगाचा आणखी नेमका पुरावा रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर राहिले.

वर्गासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली सगळ्यांना माहीत आहे : आठवायला लावल्याने पक्कं होतं. दुसरीकडे मात्र दुर्लक्ष होतं : शिकवल्याशिकवल्या त्याच तासाला घेतलेली चाचणी खोटा दिलासा देते. ‘कळलं ना?’ला मिळालेला होकार आणि तासाच्या शेवटी आलेली बरोबर उत्तरं ही पाच मिनिटांनंतरची स्थिती आहे. तुम्हाला हवी आहे ती आठवड्यानंतरची.

म्हणून आठवड्याची चाचणी सहा प्रश्नांची ठेवा, आठ ते दहा मिनिटांची, आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवशी नको, सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला. तीन प्रश्न नुकत्याच संपलेल्या आठवड्यावर, दोन त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांवर आणि एक महिनाभरापूर्वीच्या भागावर. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसतं, की जितका जास्त काळ लक्षात ठेवायचं असेल तितकं उजळणीतलं अंतरही जास्त हवं; तीन-दोन-एक ही वाटणी ते अंतर आपोआप सांभाळते. तिचे गुण प्रगतिपुस्तकात धरू नका. गुण धरले की मुलं शेजारच्याचं बघतात, आणि मग हातात येते ती शेजारच्याला काय येतं याची माहिती.

प्रश्न कसे काढायचे, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुपर्यायी प्रश्नात प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजातून आलेला हवा. उदाहरणार्थ १/२ + १/३ किती? पर्याय : (अ) २/५ (ब) २/६ (क) ५/६ (ड) १/६. ‘अ’ निवडणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. त्याच्या लेखी अपूर्णांक ही अजून एक संख्या नाही, वर-खाली लिहिलेल्या दोन संख्या आहेत. ‘ब’ निवडणाऱ्याला समच्छेद करायचा असतो हे माहीत आहे, पण छेद बदलला की अंशही बदलावा लागतो हे सुटलंय. ‘ड’वाल्याने गुणाकार केला, बहुतेक नुकत्याच शिकलेल्या रीतीशी गल्लत झाली. तिघांचंही उत्तर चूक आहे, पण तिघांना लागणारी मदत वेगळी आहे. ‘ब’वाल्याला सममूल्य अपूर्णांकांची दहा मिनिटं पुरतील. ‘अ’वाल्याला पट्टीवर किंवा कागदाच्या घडीवर अर्धा दाखवून ‘२/५ तर अर्ध्याहूनही कमी आहे, मग बेरीज कशी कमी झाली?’ इथपासून सुरू करावं लागेल. पर्याय आंधळेपणाने टाकले, ७/९ वगैरे, तर चूक मोजता येते, ओळखता येत नाही.

असे पर्याय सुचत नसतील तर आधी तोच प्रश्न मोकळा विचारा, वह्या गोळा करा आणि सर्वाधिक आलेल्या तीन चुका पर्याय म्हणून वापरा. मुलांच्या चुका कुठल्याही पुस्तकातल्या पर्यायांपेक्षा खऱ्या असतात.

उपकरणं असतील तर गुगल फॉर्म पुरेसा आहे. तिथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, नाव मोकळं लिहायला ठेवलं की एकच मूल तीन आठवड्यांत तीन स्पेलिंगने येतं आणि नोंदी जुळत नाहीत. म्हणून तुकडी आणि हजेरी क्रमांक ड्रॉपडाउनमधून निवडायला लावा. दोन, २/५ सारखं उत्तर शीटमध्ये टाइप केलं किंवा फाइल एक्सेलमध्ये उघडली की त्याची तारीख होऊन बसते; म्हणून पर्यायाच्या आधी ‘अ’, ‘ब’ लिहा आणि तेच अक्षर नोंदवा. तीन, शीट शेअर करताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी राहून जाते आणि सगळ्या तुकडीचे निकाल एका फॉरवर्डमधून बाहेर पडतात. परवानगी नावानिशीच द्या.

उपकरणं नसतील तर प्लिकर्सची छापील कार्डं चालतात : मूल कार्ड हव्या त्या बाजूने वर धरतं आणि तुमच्या एका फोनचा कॅमेरा सगळी उत्तरं टिपतो. तेही नको असेल तर चिठ्ठीवर क्रमांक आणि सहा अक्षरं. ४० चिठ्ठ्या प्रश्नानुसार अ-ब-क-ड मोजायला पाव तास लागतो. माहिती तीच मिळते.

उत्तरं गोळा झाली की लगेच, त्याच तासाला, बरोबर उत्तर आणि चुकीचा पर्याय का चुकतो हे दोन्ही सांगा. हे टाळू नका. बहुपर्यायी प्रश्नातला चुकीचा पर्याय निवडला आणि दुरुस्त झाला नाही तर मुलाला पुढे तोच बरोबर म्हणून आठवू शकतो. रोडिगर यांच्याच गटाच्या नंतरच्या कामात हे दिसलं आणि उत्तर सांगितल्याने हा धोका बराच कमी होतो हेही दिसलं.

मग निर्णय. माझा अंदाजी नियम असा : एकच चुकीचा पर्याय साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलांनी निवडला असेल, म्हणजे ४० पैकी १३-१४ जणांनी, तर दोष शिकवण्याच्या मांडणीत आहे, पुढच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाला तो भाग वेगळ्या पद्धतीने द्या. पाच ते बारा मुलं असतील तर बाकीचे सराव करत असताना त्या गटाला दहा मिनिटं फळ्याजवळ बसवा. दोन-चारच असतील तर त्यांची नावं पालकांच्या मेसेजच्या यादीत घ्या. हे आकडे कुठल्या प्रयोगातून आलेले नाहीत, व्यवहारातून आलेत. तुकडी लहान असेल तर बदला. पण आकडा चाचणीच्या आधी ठरवा. निकाल बघून ठरवायला गेलं की अभ्यासक्रम पुढे नेण्याची घाई जिंकते.

शाळेने घेतलेलं ॲप इथे बसतं. त्यात प्रश्ननिहाय निकाल आणि मुलाने निवडलेला पर्याय दिसत असेल तर चाचणी तिथेच घ्या. दिसत नसेल तर ते फक्त गटाच्या सरावासाठी ठेवा, आणि ‘अ’वाल्यांना एक सरावसंच, ‘ब’वाल्यांना दुसरा, असा तुम्ही नेमून द्या. मिनिटं मोजणं मात्र सोडून द्या.

व्हिडिओबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही ते पाठवता असं म्हणालात. ग्वो, किम आणि रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या लाखो सत्रांचा हिशेब मांडला तेव्हा लांब व्हिडिओंवरही प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकत होते. टिकणं म्हणजे शिकणं नव्हे, पण बारा मिनिटांच्या व्हिडिओचे दोन तुकडे करून मध्ये एक प्रश्न टाकणं कधीही चांगलं. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून आलेला एक नियमही पाळा : बोलता आहात तेच शब्द पडद्यावर संपूर्ण लिहू नका. आकृती दाखवा, बोला आणि मोजके शब्द त्या आकृतीच्या शेजारी ठेवा.

आता पालक. इथलं संशोधन बरंच स्पष्ट आहे. क्राफ्ट आणि रॉजर्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, राहिलेले विषय सुट्टीत पूर्ण करणाऱ्या मुलांच्या पालकांना शिक्षकाकडून आठवड्याला फक्त एका वाक्याचा वैयक्तिक निरोप गेला. विषय सुटण्यात अपयशी ठरलेल्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ वर आलं. त्यातही ‘छान चाललंय’ अशा निरोपांपेक्षा ‘हे सुधारता येईल’ असं नेमकं सांगणाऱ्या निरोपांचा परिणाम जास्त होता. बर्गमन आणि चॅन यांनी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात २२ शाळांमध्ये गैरहजेरी, कमी गुण आणि जमा न झालेलं काम यांचे मेसेज पालकांना आपोआप पाठवले. विषयात नापास होणं २८ टक्क्यांनी कमी झालं, तासांची हजेरी १२ टक्क्यांनी वाढली.

कारण साधं आहे : पालकांना अंदाज असतो, माहिती नसते. रॉजर्स आणि फेलर यांनी फिलाडेल्फियात २८,०००हून अधिक कुटुंबांबरोबर केलेल्या प्रयोगात पालक आपल्या मुलाच्या गैरहजेरीचा आकडा खूपच कमी धरत होते. खरा आकडा टपालाने कळवल्यावर सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून अधिक घटलं. त्या पत्रात ‘वर्गातल्या इतरांच्या तुलनेत’ असा आकडा घातल्याने जादा काहीच मिळालं नाही. म्हणून वर्गाची सरासरी, क्रमांक, ‘बाकी सगळ्यांनी दिलंय’ हे मेसेजमधून काढून टाका. त्याने फायदा होत नाही आणि घरातलं वातावरण तेवढं बिघडतं.

तुमच्या ग्रुपवरचा नेहमीचा मजकूर बघा : ‘सर्व पालकांनी आपल्या पाल्याच्या गणिताच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे.’ हे कोणाला उद्देशून आहे? प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला. आणि लक्ष द्यायचं म्हणजे आज संध्याकाळी काय करायचं? उत्तर म्हणून ‘ओके सर’ यापेक्षा वेगळं काही येणं शक्यच नाही.

त्याऐवजी असं : ‘नमस्कार. ईशानच्या अपूर्णांकाच्या वर्कशीट ३ आणि ४ जमा झालेल्या नाहीत. सोमवारपर्यंत दिल्या तरी चालतील. आज त्याला एवढंच विचारा, की ३ मधलं पहिलं गणित कुठे अडलं. – गणिताचे सर’. यात काय झालं नाही ते मोजून सांगितलंय, दार अजून उघडं आहे हे सांगितलंय, आणि पालकांना एक कृती दिलीय जिला गणित यावं लागत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ‘त्याच्याकडून समच्छेद करवून घ्या’ असं लिहिलं तर ज्या आईला स्वतःला ते येत नाही ती गप्प बसते, किंवा मुलावर ओरडते. ‘कुठे अडलं ते दाखव’ हे कोणीही विचारू शकतं, आणि मूल ते दाखवता दाखवता निम्मं काम करून टाकतं.

चाचणीच्या चुकीवरचा मेसेज याच साच्यात बसतो : ‘सईला अपूर्णांकांची बेरीज जमू लागलीय. छेद समान करते, पण अंश बदलायला विसरते. उद्या वर्गात हे पुन्हा घेतोय. परवा तिला एक उदाहरण तुम्हाला समजावून सांगायला सांगा.’ तुम्ही काय करणार आहात हे त्यात असलं पाहिजे. ते नसेल तर पालकांना वाटतं शाळेने आपली जबाबदारी घरी पाठवली.

हा मजकूर ग्रुपवर कधीही नको. एका मुलाबद्दलचं काहीही फक्त त्याच्याच पालकांना. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. बाकीच्यांना काहीच पोचत नाही आणि तुम्हाला वाटतं ते वाचत नाहीत. एसएमएस पाठवणार असाल तर देवनागरीत एका मेसेजमध्ये ७० चिन्हंच बसतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘शिक्षिका’ हा एकच शब्द आठ चिन्हं खातो. मोठा मजकूर दोन-तीन तुकड्यांत जातो आणि पैसेही तितक्या मेसेजचे लागतात. वाचण्यापेक्षा ऐकणं सोयीचं असलेल्या घरांना हेच वाक्य वीस सेकंदांच्या आवाजी मेसेजमध्ये पाठवा.

नवीन ॲप डाउनलोड करायला लावू नका. बर्गमन, लास्की-फिंक आणि रॉजर्स यांनी वॉशिंग्टन डीसीत हेच तपासलं : पालकांना स्वतः नोंदणी करा म्हटलं तर १ टक्क्याहून कमी पालक आले, नोंदणी सोपी केली तरी दहा-अकरा टक्के, आणि सगळ्यांना आधीच जोडून ‘नको असेल तर कळवा’ म्हटलं तेव्हा ९५ टक्क्यांच्या आसपास जोडलेले राहिले. मुलांच्या कामगिरीत फरक पडला तो या शेवटच्या गटात. शाळेच्या संमतीच्या नियमांत बसवून तुम्हीही यादी अशीच करा, आणि थांबवायची सोय प्रत्येकाला स्पष्ट सांगा. त्याआधी एक कंटाळवाणं काम कराच : नंबर तपासा. प्रवेशाच्या वेळी दिलेले बरेच नंबर बंद झालेले किंवा भलत्याच नातेवाइकाचे निघतात.

किती वेळा पाठवायचं? बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या पालकांसाठीच्या एका मेसेज-कार्यक्रमात आठवड्याला एक, तीन आणि पाच असे प्रकार तपासले गेले. एकाने कमी पडलं. पाचनेही तीनइतकं साधलं नाही. तुमचे मेसेज वैयक्तिक आणि हाताने लिहिलेले असल्यामुळे मी वेगळा हिशेब सुचवेन : आठवड्याला एका तुकडीतली दहा मुलं. एका मेसेजला दोन मिनिटं धरली तरी वीस मिनिटांत होतं, आणि चार आठवड्यांत प्रत्येक घरी एकदा तरी निरोप जातो. काम जमा न झाल्याचा मेसेज याशिवाय, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. एका घरी लागोपाठ तीन तक्रारवजा मेसेज जाणार असतील तर तिसऱ्याऐवजी फोन करा.

एक पुरावा वरच्या मांडणीला थोडा आडवा जातो, तोही सांगते. ब्राझीलच्या साओ पाउलोमधल्या एका मोठ्या अभ्यासात बेटिंगर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की मुलाची नेमकी माहिती न देता नुसतं ‘शाळेकडे लक्ष असू द्या’ असं नियमित आठवण करून देणाऱ्या मेसेजनीही जवळपास तेवढाच परिणाम साधला. म्हणजे मोठा वाटा लक्ष वेधण्याचाच असू शकतो. मी यातून एवढाच बदल करते : एखाद्या आठवड्यात चाचणी हुकली तर मेसेज बंद ठेवायचा नाही, ‘या आठवड्यात दशांश अपूर्णांक चालू आहेत, ०.३५ मोठा की ०.४ हे विचारून बघा’ एवढं पाठवायचं. नेमकेपणा तरीही सोडायचा नाही, कारण तो नेमकेपणा तुमच्या तासासाठीही लागतोच.

मेसेजकडून काय अपेक्षा करायची नाही, हेही माहीत असू द्या. वेस्ट व्हर्जिनियात नापासांचं प्रमाण घटलं, पण राज्याच्या प्रमाणित परीक्षेतल्या गुणांवर परिणाम दिसला नाही. आफ्रिकेतल्या बोट्स्वानात कोविडमुळे शाळा बंद असताना अँग्रिस्ट, बर्गमन आणि मात्शेंग यांनी साडेचार हजार कुटुंबांबरोबर काम केलं : काहींना आठवड्याला गणिताचे एसएमएस, काहींना एसएमएस आणि शिवाय शिकवणाऱ्या व्यक्तीचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. फोन मिळालेल्या मुलांचं शिकणं ०.१२ प्रमाण विचलनाने वाढलं. नुसत्या एसएमएसचा ठोस परिणाम दिसला नाही. मेसेजमुळे मूल वर्गात येतं, काम जमा होतं. संकल्पना कळते ती कोणीतरी शिकवल्यामुळे. म्हणून चाचणी आणि मेसेज सुटे करू नका. एकामुळे तुमचं शिकवणं बदलतं आणि दुसऱ्यामुळे मूल ते बदललेलं शिकवणं घ्यायला हजर राहतं.

तुमच्याकडे दोन तुकड्या आहेत, ही मोठी सोय आहे. सहा आठवडे चाचणी दोन्हीकडे घ्या, पालकांचे वैयक्तिक मेसेज एकाच तुकडीला पाठवा, आणि सातव्या आठवड्यापासून दुसऱ्या तुकडीलाही सुरू करा. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही तुकड्यांना बारा प्रश्नांची सारख्या काठिण्याची चाचणी द्या. तेच प्रश्न नकोत, आकडे बदललेले. फक्त ‘सगळ्यात कमी गुणांची दहा मुलं किती सुधारली’ असं मोजू नका. एका दिवशी सर्वांत खाली असलेली मुलं पुढच्या वेळी काही न करताही थोडी वर येतात, कारण त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता. दोन्ही तुकड्यांतल्या अशा दहा-दहा मुलांची तुलना करा, मग फरक खरा किती ते दिसेल. शिवाय जमा झालेल्या कामाचं प्रमाण आणि हजेरी वेगळी लिहा, कारण मेसेजचा परिणाम असलाच तर आधी तिथे दिसेल.

सहा आठवड्यांनी काहीच हललं नाही तर याच क्रमाने शोधा. आधी नंबर : मेसेज पोचले का? मग मजकूर : त्यात एक कृती होती का, की पुन्हा ‘लक्ष द्या’वर गाडी आली? काम जमा होऊ लागलंय पण गुण तसेच आहेत, तर चाचणीनंतरच्या तासांची टाचणं काढा आणि बघा, सोमवारच्या निकालामुळे मंगळवारचा तास किती वेळा खरोखर बदलला. आणि तोही बदलला असेल, तर पुन्हा शिकवताना तेच उदाहरण त्याच रीतीने जरा सावकाश दिलं गेलं का ते तपासा. १/२ + १/३ ला २/५ म्हणणाऱ्या मुलाला लसाविची रीत तिसऱ्यांदा दिली तरी तो ती पाठ करून दोन आठवड्यांत विसरतो. त्याला आधी अर्धा आणि दोनपंचमांश एकाच पट्टीवर शेजारी ठेवून बघायला हवेत.